दिवा अलीकडे, देखावा पलीकडे

खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि दोन्ही गावं एकमेकांना ‘पलीकडले’ म्हणत. या काठावर उभं राहिलं की ते पलीकडले, त्या काठावर गेलं की हे. हा शब्द उच्चारताना तोंड थोडं वाकडं करायची रीत मात्र दोन्हीकडे सारखी होती. या गोष्टीतला रंगारी ज्या गावचा, त्याला आपण अलीकडचं गाव म्हणू, कारण संताप त्याच्या बाजूचा आहे आणि तोच आपल्याला सांगायचा आहे.

अलीकडच्या गावाला वाळू नव्हती. काळे खडक, त्यांतून वर चढणाऱ्या पायऱ्या, पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना एकमेकींना टेकलेली घरं आणि खाली मासळीचा धक्का. तिथे सकाळी लिलावाचा असा गलका उठायचा की नव्या माणसाला वाटावं, मारामारी चाललीय. जाळी विणणारे ओट्यावर पाय पसरून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याने ते ओलांडून जावं अशी त्यांची अपेक्षा असे. वास होता, नाही कशाला म्हणा. पण ओहोटीला खडकांच्या पोटातून गोड्या पाण्याचा झरा उघडा पडायचा, होड्या बांधणाऱ्यांच्या आवारात लाकडाचा घमघमाट असायचा आणि दारात आलेल्याला ‘या’ आणि ‘चालते व्हा’ हे दोन्ही एकाच आवाजात म्हणणारी माणसं मनाने स्वच्छ होती. असं निदान रंगाऱ्याचं मत होतं.

पलीकडच्या गावाकडे वाळू होती. लांबच लांब, पिठासारखी वाळू. तिच्या जोरावर त्यांनी हॉटेलं बांधली, काठाने फरसबंद रस्ता केला, रस्त्याला बाकं लावली, वाळूत रंगीत छत्र्या रोवल्या आणि शंखशिंपल्यांची दुकानं काढली. शिंपले पोत्यांतून दुसरीकडून यायचे, कारण त्यांच्या किनाऱ्यावर तुटक्या चपलेखेरीज काही वाहून येत नसे. तिथली माणसं हळू बोलत, गोड बोलत आणि बोलताना समोरच्याच्या बुटांकडे बघत. एवढं सगळं होतं, पण बाकावर बसलेल्या पाहुण्याला बघायला समोर काहीतरी लागतं ना? नुसतं पाणी किती वेळ बघणार? तर समोर होता दीपगृहाचा मनोरा. उंच, पांढराशुभ्र, काळ्या खडकाच्या टोकावर उभा. आणि हा मनोरा होता अलीकडच्या गावाचा.

यातली खरी चीड पुढे आहे. मनोऱ्याला दरवर्षी आकाश निवळलं की चुना लागायचा आणि तो लावायचा आपला रंगारी. त्याच्या आधी त्याचा बाप लावायचा. गोल मनोऱ्याला बाजू कुठल्या, म्हणाल. पण गावाच्या लेखी त्याला तीन बाजू होत्या. समुद्राकडची, खाडीकडची आणि गावाकडची. रंगवायचा क्रम बापाने घालून दिलेला होता. आधी समुद्राकडची, कारण तिच्यावर होड्या घरी येतात. मग खाडीकडची, कारण वादळात त्या बाजूने आत शिरावं लागतं. गावाकडची सगळ्यात शेवटी. ‘दिवा गावाचा नसतो, येणाऱ्याचा असतो,’ असं बाप म्हणायचा आणि तंबाखू थुंकायचा. दीपगृह खात्याकडून चुना यायचा मोजका. दोन बाजू होईतो पिंपाचा तळ दिसू लागायचा आणि गावाच्या वाट्याला यायचा तो पाणी घालून वाढवलेला, फिकुटलेला हात. त्यामुळे बाजारात उभं राहून बघितलं तर मनोरा खरूज झाल्यासारखा दिसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो गावाने डोळ्यांनी पाहिलेला होता, आणि पलीकडल्यांना मात्र तोच मनोरा धुतलेल्या सदऱ्यासारखा दिसायचा.

रंगारी वरच्या सज्ज्याला दोर बांधून, फळीच्या झुल्यावर बसून काम करायचा. दोर सांभाळायला वर मेहुणा. मेहुण्याच्या हाती दोर देणारा माणूस एक तर शूर असतो नाहीतर त्याच्या बायकोने त्याला भरीस घातलेलं असतं. रंगाऱ्याचं दुसरं होतं. मेहुणा वरून गप्पा मारायचा, मध्येच डुलकी घ्यायचा आणि ‘दाजी, सोडू का?’ असं विचारून स्वतःच हसायचा. रंगारी खालून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, म्हणजे ओघाने बायकोच्या माहेरचाही, आणि ते संध्याकाळी घरी पोचायचं.

पलीकडच्या गावात रंगाऱ्याचं एकच माणूस होतं. त्याची थोरली बहीण, ताई. तिला त्या गावात दिली तेव्हा तिथे एकही हॉटेल नव्हतं. आता नवरा गेला होता, मुलगी एका हॉटेलात खोल्या आवरायला जायची आणि ताई माडीवरच्या खिडकीत शिवणयंत्र टाकून छत्र्यांचं काम करायची. किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या छत्र्या वाऱ्याने फाटतात, उन्हाने विटतात. त्यांचं कापड बदलायचं, कडेला हातशिलाईने झालर लावायची. अख्ख्या वाळवंटातल्या छत्र्यांना झालर ताईच्या हातची. रंगारी दर बाजाराला होडीने तिच्याकडे जायचा, मासळी द्यायचा, पलीकडल्यांना शिव्या द्यायचा आणि जेवून परत यायचा. ती ऐकून घ्यायची. तीसुद्धा पलीकडलीच झाली होती हे दोघांपैकी कुणीच बोलून दाखवत नसे.

ताईला काचबिंदू होता. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती जपायची. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे आणि एकही पाळी चुकवायची नाही. ताईने थेंब सुरू केले आणि आपली एक परीक्षाही सुरू केली. सकाळी चूल पेटवण्याआधी खिडकीत उभं राहायचं, एक डोळा हाताने झाकायचा आणि मनोरा बघायचा, मग दुसरा झाकायचा आणि पुन्हा बघायचा. मागचा डोंगर तिला कधीच नीट दिसत नसे, सगळा राखाडी पसारा असायचा. त्यात पांढरी उभी रेघ उठून दिसली की ती म्हणायची, झालं, आजचा दिवस माझा. हे तिने भावाला एकदा हसत हसत सांगितलं होतं. ‘तुझ्या चुन्यावर माझे डोळे चाललेत बघ,’ असं म्हणाली होती. मुलीला सांगितलं नव्हतं, कारण मुलगी लगेच काळजी करते.

त्या वर्षी रंगकाम सुरू व्हायच्या आधीच्या बाजाराला रंगारी ताईकडून परतताना होडीला वेळ होता म्हणून शिंपल्यांच्या दुकानात शिरला. दारात तारेच्या स्टँडवर लोखंडाला चिकटणारी छोटी चित्रं टांगलेली होती, लोक फ्रिजला लावतात ती. त्यातल्या निम्म्या चित्रांवर मनोरा. मनोऱ्याखाली ठळक अक्षरांत नाव पलीकडच्या गावाचं. रंगाऱ्याने एक चित्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पांढऱ्या मनोऱ्यावर मध्यभागी एक ठिपका होता, ठिपक्याला दोर होता आणि दोराला लोंबकळत, जगाकडे पाठ करून बसलेला माणूस तोच होता. त्याचा तो ठिगळ लावलेला निळा सदरा. वर सज्ज्यावर काळा ठिपका, म्हणजे बहुतेक डुलकी घेणारा मेहुणा.

दुकानदाराने त्याला पाहुणा समजून तोंडाला मध लावला. हे आमच्या गावाचं दीपगृह, म्हणाला. संध्याकाळी बाकावर बसा, त्यासाठीच ती बाकं आहेत. रंगाऱ्याने विचारलं, तिकडे जायचं असेल तर? दुकानदाराने नाक मुरडलं.

‘तिकडे कशाला जाता? तिकडे काही नाही. कोळ्यांची चार खोपटी आहेत, वास मारतो. मनोरा इथूनच चांगला दिसतो.’

रंगारी आयुष्यात खूपदा रागावला होता. रागावणं हा त्याचा जोडधंदाच होता. पण या वेळी त्याने ते चित्र जागेवर ठेवलं, तेही उलटं, आणि बाहेर पडला. होडीत बसल्यावर त्याचं तोंड सुटलं ते धक्का येईपर्यंत. वल्ही मारणाऱ्याला त्याने विचारलं, हाडं कोणाची झिजतात? चुना कोणाच्या डोळ्यांत जातो? बापाच्या हाताची सालं कोणासाठी गेली? आयत्या बिळावर नागोबा ते नागोबा, वर बीळ दुसऱ्याने खणलं हे सांगायची लाजही नाही. आमचं गाव म्हणजे काही नाही! माझी पाठ विकून खातात आणि माझ्या गावाला वास मारतो! वल्ही मारणारा अलीकडचाच होता. त्याने प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि रात्र व्हायच्या आत ही हकिकत प्रत्येक पायरीवर पोचवली.

तर त्या वर्षी रंगाऱ्याने काय केलं, समुद्राकडची बाजू नेहमीसारखी रंगवली. होड्यांनी त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. मग झुला उचलला, सज्ज्याला वळसा घातला, खाडीकडच्या बाजूला थांबलाच नाही आणि थेट गावाकडच्या बाजूला दोर सोडला. मेहुण्याने वरून विचारलं की दाजी, चुकलात का? दाजी म्हणाला, पन्नास पिढ्या चुकत होतो, आज बरोबर आलोय. पन्नास पिढ्यांपूर्वी मनोरा नव्हता हे मेहुण्याच्या लक्षात आलं, पण दोर हातात असताना वाद घालू नये एवढी अक्कल त्यालाही होती.

गावाकडची बाजू त्याने अशी रंगवली की विचारू नका. दोन हात, तीन हात, पाणी न घालता. पहिल्यांदाच बाजारातून मनोरा पांढरा दिसला. लोक हातातलं काम टाकून बघत राहिले. मासळीवाल्यांनी त्याला बोलावून बोलावून चांगला मासा दिला, जाळी विणणाऱ्यांनी पाय आखडते घेऊन त्याला वाट दिली, आणि ज्या न्हाव्याने आजवर त्याच्याशी हवापाण्यापलीकडे बोलणं केलं नव्हतं त्याने त्याला आरशासमोर बसवून दाढी करून दिली. पिंपाचा तळ दिसला. खाडीकडची बाजू तशीच राहिली. गेल्या पावसाने चुना धुऊन नेलेला, दगड उघडा पडलेला, शेवाळाचे ओघळ. लांबून बघितलं तर मागच्या डोंगरात मिसळून जायची.

बायकोने मात्र भाकरी थापता थापता सांगून टाकलं.

‘स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, याला काय शहाणपण म्हणायचं?’

‘नाक त्यांचं कापलंय. माझं आहे जागेवर,’ रंगारी म्हणाला आणि ताटाकडे वळला.

आठवडाभरात पलीकडून हॉटेलवाल्यांचा अध्यक्ष आला. पांढरा सदरा, पांढरे बूट. धक्क्यावर उतरला आणि बुटांचं काय झालं ते गावाने बघितलं. तो मोठ्या अदबीने बोलला. पाहुणे विचारतात, म्हणाला, की चित्रातला मनोरा कुठे आहे. खात्याकडे चुना नसेल तर आम्ही देतो, लागेल तेवढा, उत्तम प्रतीचा. रंगाऱ्याने ओट्यावरून न उठता त्याला सांगितलं की तुमच्या गावात दीपगृह आहे असं ऐकलंय, ते रंगवा की. इथे कोळ्यांची चार खोपटी आहेत, इथे कशाला आलात, वास मारतो. ओट्यावरची सगळी माणसं हसली. अध्यक्ष हसला नाही, पण रागावलाही नाही. पिंपं तयार ठेवतो, एवढं बोलून तो बूट सांभाळत परत गेला. रंगाऱ्याला आयुष्यात इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती.

एकच झालं. बाजाराला पलीकडे जायचं त्याने बंद केलं. किनाऱ्यावरच्या रस्त्याने जाताना हॉटेलवाले गाठतील, दुकानदार ओळखतील, उगाच शब्दाला शब्द वाढेल. तसा तो शब्दाला घाबरणारा नव्हता, पण जिंकलेली लढाई पुन्हा कशाला लढायची, असं त्याने स्वतःला समजावलं. ताईची मासळी वल्हेवाल्याच्या हाती जायची. ती निरोप पाठवायची की पोचली. त्यापुढे काही नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला, असे कितीतरी गेले.

मग एका दुपारी भाची आली. हॉटेलातल्या कामाच्या कपड्यांतच, सुट्टी मागून. तिने मामाला सांगितलं की पलीकडे सगळे तुझ्या नावाने शंख करतायत, पण ते जाऊ दे, मी आईसाठी आलेय. आईने शिवण बंद केलंय. शिवणयंत्र शेजारच्या सुनेला देऊन टाकलं, वर तिला बसवून शिकवलंही. छत्र्यांची कापडं कोपऱ्यात पडून आहेत. विचारलं तर म्हणते, कंटाळा आला. मामा, आई आणि कंटाळा?

रंगाऱ्याला त्याचा अर्थ लागेना. म्हणजे बघा. मनोरा रंगवला नाही हे भाचीला माहीत होतं, पण आईची परीक्षा माहीत नव्हती. परीक्षा ताईची, पण मनोऱ्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. माडीवरून ती फारशी उतरत नसे आणि मुलगी हंगामात पहाटे जाऊन अंधार पडल्यावर यायची. दोन्ही गोष्टी माहीत असलेला एकच माणूस दोन्ही गावांत मिळून होता, आणि तो रागाच्या भरात विसरला होता.

तो तसाच भाचीबरोबर निघाला. माडीचा जिना चढून वर गेला तर ताई स्वयंपाकघरात होती. तो हाक मारणार तेवढ्यात थांबला. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनी ती फळीवरून हात फिरवत होती. मिठाची बरणी, तिच्याशेजारी हळदीची, मग काड्यापेटी. काड्यापेटी काढली, परत ठेवली, वळली, चार पावलं टाकून हाताने दाराची चौकट शोधली. चौकट हाताला लागायच्या आधी कपाळाला लागली. तिने कपाळ चोळलं, डोळे न उघडताच मागे फिरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

‘ताई, हे काय चाललंय?’

तिने डोळे उघडले. ‘आलास होय? अरे, सराव करतेय. नंतर धडपडण्यापेक्षा आत्ताच शिकलेलं बरं.’

तिने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि बाजारभाव सांगावा तशा आवाजात सगळं सांगितलं. मनोरा दिसेनासा झाला. आधी वाटलं धुकं असेल. मग वाटलं उद्या दिसेल. दोन्ही डोळ्यांनी बघितलं, एकेकाने बघितलं, काही नाही, नुसता डोंगर. दूरचं आधी जातं, मग जवळचं, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. आता सुई दिसते आहे तोवर शेजारच्या सुनेला शिकवून घेतलं. लेकीला सांगितलं नाही, तिला कळेलच. आणि थेंबही बंद केले होते, विझलेल्या चुलीत फुंकर कशाला मारायची.

‘थेंब बंद केलेस?’ रंगारी म्हणाला. ‘कधीपासून?’

‘मनोरा गेला तेव्हापासून.’

रंगारी उठून खिडकीशी गेला. समोर खाडी, खाडीपलीकडे त्याचं गाव. खडकाच्या टोकावर मनोरा होता, आहे हे माहीत असलेल्यालाच दिसावा असा. राखाडी डोंगरावर राखाडी दगड. त्याचे डोळे चांगले होते, तरी त्यालाही शोधावा लागला. इतक्या वर्षांत त्याने तो या खिडकीतून कधी बघितलाच नव्हता; आला की तो खिडकीकडे पाठ करून जेवायला बसायचा. त्याने ताईकडे न बघता सांगितलं की मनोरा तुला दिसत नाही कारण तो रंगवलेलाच नाही. आणि मग दुकानातलं चित्र, दुकानदार, वास, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याला त्या दुकानदाराचा पुन्हा राग आला आणि तो राग मध्येच कुठेतरी फुसका निघाला.

ताईने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं, आपटलं म्हणा.

‘मला वाटलं माझे डोळे गेले. देव साक्षीला आहे, तू रंगवला नसशील असं एकदाही मनात आलं नाही. एकदाही नाही. स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला रे मी, तुझ्यावर नाही.’

‘ताई, मी पलीकडल्यांवर—’

‘पलीकडे कोण राहतं?’

ती पुढेही बरंच बोलली. लहानपणी त्याने तिची बाहुली झऱ्यात टाकली होती तिथपासून ती बोलली. हॉटेलवाल्यांना धडा शिकवायचा होता तर त्यांच्या दारात जाऊन भांडायचं, तेवढी छाती नव्हती तर गप्प बसायचं. आजवर मी तुझ्या शिव्या जेवणासोबत वाढून घेतल्या, आता पुरे. आधी तो मनोरा रंगव आणि मग मला तोंड दाखव. जिन्यावरून उतरताना त्याला मागून ऐकू आलं की भाचीला हाक मारून ती थेंबांची बाटली शोधायला सांगत होती.

चुना आणायचा कुठून? पिंप कोरडं होतं आणि खात्याचा चुना पुढच्या वर्षी. रंगारी गावात दारोदार फिरला. घर रंगवून उरलेला चुना प्रत्येकाकडे डबाभर असतोच. पण कशासाठी म्हटल्यावर लोकांनी डबे परत आत ठेवले. पलीकडल्यांसाठी? न्हाव्याने विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? त्याने बहिणीचं सांगितलं तर म्हणाले, बहिणीला इकडे आणून ठेव, इथून मनोरा झकास दिसतो. जाळीवाल्यांनी पाय पुन्हा पसरले. ज्या गावासाठी त्याने हे सगळं केलं त्या गावाकडे त्याच्या बहिणीच्या दोन डोळ्यांपुरता चुना नव्हता. रंगारी बाजाराच्या मध्यभागी उभा राहून या गावाबद्दल जे बोलला ते शिंपलेवाल्यालाही सुचलं नसतं.

शेवटी गेला अध्यक्षाकडे. पांढऱ्या बुटांच्या माणसाच्या थंडगार कचेरीत, चुन्याने फुटलेले पाय गालिच्यावर ठेवून उभा राहिला. अध्यक्षाने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याने चहा मागवला. पिंपं खरंच तयार होती, मागच्या आवारात ओळीने मांडलेली. वर म्हणाला की तुम्ही याल हे आम्हाला ठाऊक होतं. रंगाऱ्याला तो चहा औषधासारखा प्यावा लागला. निघताना त्याने एवढंच बजावलं की त्या चित्राखाली गावाचं नाव चुकलंय. अध्यक्ष म्हणाला, बघू. ‘बघू’ म्हणजे काय, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं आणि त्या चित्रांवर पलीकडचंच नाव आजही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीकडच्या बाजूला झुला उतरला. मेहुणा त्या दिवशी गप्पा मारत नव्हता, डुलकीही घेत नव्हता. रंगाऱ्याने शेवाळ खरवडलं, पहिला हात मारला, आणि मग आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. पायाने भिंतीला रेटा देऊन त्याने झुला फिरवला आणि मनोऱ्याला पाठ टेकून समोर बघितलं. वाळू, छत्र्या, बाकं, हॉटेलांच्या खिडक्यांवर खिडक्या. तेवढ्या लांबून सगळ्या सारख्या. ताईची कुठली, त्याला कळेना. इतकी वर्षं इथे लोंबकळलो, त्याला वाटलं, आणि ती मागून माझ्या पाठीकडे बघत बसली असेल. मग एका खिडकीतून काहीतरी केशरी बाहेर आलं. छत्रीचं अख्खं कापड, अर्धी झालर लावलेलं. तिने ते कठड्यावर टाकून वाळत घातल्यासारखं पसरवलं आणि तसंच राहू दिलं. रंगारी डोळे पुसून भिंतीकडे वळला, आणि डोळ्यांत चुना गेला म्हणून वरच्या मेहुण्याला उगाच एक शिवी हासडली.

काम संपल्यावर तो पलीकडे गेला. शिवणयंत्र परत खिडकीत आलं होतं. शेजारच्या सुनेने आढेवेढे न घेता आणून दिलं होतं, पलीकडली असूनही. ताई खिडकीत उभी राहिली, डावा डोळा झाकला आणि म्हणाली, दिसतो. छान पांढरा दिसतो. मग हात तिने खाली घेतला आणि यंत्राशी जाऊन बसली.

‘दुसऱ्याने बघ ना,’ रंगारी म्हणाला.

‘बघितलं सकाळीच.’

‘मग?’

ती कापड सारखं करत राहिली. डॉक्टरकडे लेक घेऊन गेली होती. थेंब बंद होते तेवढ्या दिवसांत काचबिंदूने डाव्या डोळ्यातलं घ्यायचं ते घेतलं होतं. उजवा राहील, जपला तर. डाव्यात आता उजेड होता, रेघ नव्हती. हे सगळं भाचीने नंतर जिन्यात सांगितलं. ताईने सांगितलं ते एवढंच.

‘एका डोळ्याने शिवता येतं. फक्त सुईत दोरा जात नाही.’

रंगारी खाली बसला. त्याने तिच्या डब्यातल्या सगळ्या सुया बाहेर काढल्या, चुन्याने सोललेल्या बोटांत एकेक धरली आणि दोरा ओवायला सुरुवात केली. पुढच्या बाजारापर्यंत पुरतील एवढ्या ओवून ठेवायच्या, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा. दोरा काही केल्या नेढ्यात शिरेना. त्याने दोऱ्याला शिव्या घातल्या, मग अध्यक्षाच्या बुटांना, शिंपलेवाल्याला, चुना नाकारणाऱ्या आपल्या गावाला, पायऱ्यांना, खाडीला. एकाचं नाव मात्र त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

‘बडबड कमी कर,’ ताई म्हणाली. ‘आणि दोरा दुहेरी घे. झालरीला एकेरी टिकत नाही.’